ब्रेसेस असताना दात आणि हिरड्या: ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधली ती चिंचोळी पट्टी

दातांना तारा लावल्यावर सुरुवातीला सगळं लक्ष दुखण्याकडे असतं. गालाला टोचतंय, चावताना दात हुळहुळतात, बोलताना ओठ अडकतो. बहुतेकांचा हा त्रास आठ-दहा दिवसांत कमी होतो. ज्याची खरी काळजी घ्यायला हवी, ते मात्र दुखत नाही, टोचत नाही आणि बरेच दिवस दिसतही नाही. तार धरून ठेवायला दातावर जो छोटा चौकोनी तुकडा चिकटवतात तो ब्रॅकेट, आणि त्याच्या कडेपासून हिरडीपर्यंत दाताची एक अरुंद उघडी पट्टी उरते. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तिथे रोज थोडा थोडा चिकट थर बसत जातो. दीड-दोन वर्षांनी ब्रेसेस निघतात तेव्हा दात सरळ रांगेत आलेले असतात, पण त्यांच्यावर खडूने रेघ ओढावी तसे पांढुरके डाग उमटलेले असतात. ते पाहून हिरमुसलेला चेहरा कोणाच्याही वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ब्रेसेसच्या काळात दातांचं आणि हिरड्यांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं याच पट्टीत होतं आणि ते टाळणं आपल्या हातात असतं.

बिघडतं नेमकं काय

दात कितीही छान घासले तरी काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा त्यांच्यावर बसतो. त्या पापुद्र्याला तोंडातले जिवाणू येऊन चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत पदार्थ तयार करतात. हाच प्लाक. हिरडीजवळ नखाने हलकेच खरवडलं तर जो पांढरट-पिवळसर मऊ लगदा नखात येतो, तो प्लाकच असतो. पुष्कळ जण त्याला अन्नाचे कण समजतात आणि चूळ भरली की झालं, असं मानतात. चूळ भरल्याने अडकलेलं अन्न निघतं, पण जिवाणूंचा हा थर जागचा हलत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जिवाणू त्यातली साखर वापरतात आणि आम्ल तयार करतात. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आणि हा अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त. तोंडातला पीएच एरवी साधारण ७ च्या आसपास असतो. साखर पोचल्यावर काही मिनिटांतच प्लाकच्या आत तो झपाट्याने खाली येतो. ५.५ च्या खाली गेला की दाताच्या एनॅमलमधून, म्हणजे वरच्या कडक आवरणातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जायला लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल सौम्य करते, आणि स्वतःजवळची खनिजं दाताला परत देते. सगळं पूर्वपदावर यायला साधारण अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. खनिजं जाणं आणि परत येणं हा व्यवहार दिवसभर प्रत्येकाच्या तोंडात चालू असतो. जमा-खर्च जुळत राहिला तर दात ठणठणीत राहतात.

ब्रेसेस लागल्यावर हे गणित बिघडतं. वाहत्या ओढ्यात दगड टाकले की त्यांच्या आडोशाला गाळ साचतो, तसं ब्रॅकेट आणि वायरच्या आडोशाला होतं. एरवी बोलताना आणि चावताना ओठ, गाल आणि जीभ दातांवरून सतत फिरत असतात आणि लाळही तिथून खेळत असते. आता मध्ये वायर आहे, तिच्याभोवती रबरी कडी आहेत, ब्रॅकेटच्या बाजूला बारीक खाचा आहेत. तिथे ओठ पोचत नाही, लाळ नीट पोचत नाही आणि घाईत फिरवलेला ब्रशही पोचत नाही. शिवाय ब्रेसेस लागल्यानंतर कीड निर्माण करणाऱ्या जिवाणूंचं, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्सचं, तोंडातलं प्रमाणही वाढतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ब्रेसेसमुळे दात खराब होतात’ किंवा ‘तो गोंद दात खातो’ असं अनेकांच्या मनात असतं. ब्रॅकेट चिकटवण्याआधी दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लाने किंचित खरखरीत करतात हे खरं आहे. मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्याने १९५५ मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यामुळेच पुढे ब्रॅकेट थेट दाताला चिकटवता येऊ लागले. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे. पण आम्ल लावलेल्या त्या जागेवर लगेच रेझिन (चिकटवायचा पदार्थ) बसतं आणि ती झाकली जाते. म्हणजे ब्रॅकेटच्या खालचा भाग बहुधा सुरक्षितच असतो. ब्रेसेस काढल्यावर दिसणारे डाग नीट बघा: मधोमध ब्रॅकेटएवढा स्वच्छ चौकोन असतो आणि डाग त्याच्या भोवतीने, मुख्यतः हिरडीच्या बाजूला असतात. दोष ब्रॅकेटचा असता तर डाग चौकोनाच्या आत पडला असता.

हे पांढरे डाग म्हणजे कीड लागण्याची पहिली पायरी. वरचा पृष्ठभाग शाबूत असतो, पण त्याच्या खालून खनिजं निघून गेल्यामुळे तिथे सूक्ष्म पोकळ्या होतात. त्यामुळे प्रकाश वेगळा पसरतो आणि तो भाग निस्तेज, खडूसारखा दिसतो. साफसफाईकडे दुर्लक्ष झालं तर असा डाग अवघ्या चार आठवड्यांत दिसण्याइतका होऊ शकतो. दोन भेटींच्या मध्ये बरेचदा तेवढंच अंतर असतं. सुरुवातीचा डाग ओल्या दातावर दिसत नाही. दातांच्या डॉक्टर हवेचा झोत मारून दात कोरडा करतात तेव्हा तो उमटून येतो. म्हणून ‘आरशात तर काही दिसत नाही’ यावर विसंबू नका. वरचे पुढचे दात, त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारचे छोटे दात, यांच्यावर हे डाग जास्त पडतात. हसल्यावर नेमके तेच दिसतात.

हिरड्यांची वेगळी तक्रार

दातांचं नुकसान गुपचूप होतं, पण हिरड्या निदान बोलून दाखवतात. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, दाताला घट्ट चिकटलेली असते आणि तिची कड सुरीसारखी पातळ असते. प्लाक साचला की ती लालसर, फुगीर आणि चकचकीत दिसू लागते. ब्रश लागला की रक्त येतं.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग दंतवैद्यकात आजही शिकवला जातो. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. मग दात पुन्हा नीट घासायला लावले आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ब्रेसेस असलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा असं मला वाटतं, कारण त्यात धोकाही कळतो आणि दिलासाही मिळतो.

अडचण अशी की रक्त दिसलं की माणूस घाबरतो आणि तेवढी जागा सोडून घासतो. मग तिथे थर आणखी साचतो, हिरडी आणखी फुगते आणि हळूहळू ब्रॅकेटवर चढायला लागते. ती पट्टीच झाकली गेली की ब्रशला जागा उरत नाही. रक्त येणाऱ्या जागी ब्रश जास्त काळजीने, पण हळुवार फिरवायला हवा. पहिले दोन-चार दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. रोज नीट साफ करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र दाखवून घ्या.

किशोरवयात शरीरातल्या हार्मोन्समुळे हिरड्या थोड्याशा प्लाकलाही जास्त सुजतात, आणि बहुतेकांना ब्रेसेस त्याच वयात लागतात. तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्या कोरड्या पडून अधिक लाल होतात. मोठेपणी ब्रेसेस लावणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हिरड्यांचा आजार दाताला धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत गेलेला असेल आणि तो आटोक्यात न आणता दात सरकवले, तर हाड आणखी वेगाने झिजू शकतं. म्हणून आधी हिरड्यांचे उपचार करायचे आणि मग तारा लावायच्या, हा क्रम सोडू नये. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आजार असूनही हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे रक्त येत नाही म्हणून त्यांनी निर्धास्त राहू नये.

ब्रश हातात घेतल्यावर

ब्रेसेस नसताना दोन मिनिटं पुरतात. ब्रेसेस असताना रात्रीच्या वेळेला मी चार-पाच मिनिटं धरेन, आणि तेही आरशासमोर चांगल्या उजेडात उभं राहून. सवय झाली की न बघता घासता येतं हे खरं, पण पहिले दोन-तीन महिने तरी डोळ्यांनी बघूनच घासावं.

रोज काढता-घालता येणारी रबरं असतील तर ती आधी काढा. मेण लावलं असेल तर तेही काढा. मग पाण्याने जोरात खळखळून चूळ भरा, म्हणजे अडकलेले मोठे कण निघतील आणि ब्रशला थेट प्लाकवर काम करता येईल.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ दातऱ्यांचा घ्या. मधोमध खाच असलेले खास ब्रेसेससाठीचे ब्रशही मिळतात, चांगले असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. इलेक्ट्रिक ब्रश चालतो, फक्त ब्रॅकेटवर तो दाबून धरू नका. ब्रेसेसमुळे ब्रशचे केस लवकर फिस्कटतात. तीन महिने होण्याची वाट न पाहता केस बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले की ब्रश बदला. वळलेले केस त्या पट्टीत शिरतच नाहीत.

आता एकच दात घेऊन बघू. समजा वरचा पुढचा दात. ब्रशचे केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत धरा. अर्धे केस हिरडीच्या कडेवर आणि अर्धे त्या उघड्या पट्टीवर टेकले पाहिजेत. तसेच टेकवून ठेवा आणि जागच्या जागी अगदी बारीक थरथर द्या. पुढे-मागे लांब फटकारे मारू नका. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांनी सुचवलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे: ब्रशच्या केसांची टोकं दात आणि हिरडी यांच्या सांध्यात पोचली पाहिजेत. आठ-दहा वेळा थरथर झाली की ब्रश तिथून उचला. मग ब्रश वरून खाली असा तिरका धरा, म्हणजे केस वायरच्या वरून ब्रॅकेटच्या वरच्या कडेवर येतील. मग उलट, खालून वर, म्हणजे वायरच्या खालची बाजू निघेल. शेवटी समोरून ब्रॅकेटच्या तोंडावर एक हलका फेरा. एका दाताला एवढं पुरतं. मग पुढचा दात. खालच्या दातांना हिरडी खाली असते, म्हणून तिथे सुरुवात खालून करायची.

बाहेरची बाजू झाली की आतली बाजू आणि चावण्याचे पृष्ठभाग. ब्रेसेस बाहेरून असल्यामुळे आतली बाजू विसरली जाते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळग्रंथींची तोंडं जवळ असतात, त्यामुळे तिथला प्लाक लाळेतली खनिजं शोषून लवकर कडक होतो. हेच किटण. एकदा ते झालं की ब्रशने निघत नाही, क्लिनिकमध्येच काढावं लागतं. शेवटच्या दाढेची मागची बाजूही अशीच सुटते. तिथे एका झुबक्याचा छोटा ब्रश फार उपयोगी पडतो. दाढांना धातूचे पट्टे बसवलेले असतील तर त्यांची हिरडीकडची कड मुद्दाम घासा. एखादा पट्टा हलतोय किंवा चावताना खालीवर होतोय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याखालचं सिमेंट निघून गेलेलं असतं आणि आत कीड लागली तरी बाहेरून कळत नाही.

दोन ब्रॅकेटच्या मध्ये, वायरच्या मागे जी जागा असते, तिथे मोठा ब्रश जात नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा इवलासा इंटरडेंटल ब्रश मिळतो. तो वायरच्या मागून वरून खाली घाला, मग खालून वर, आणि ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना टेकवत चार-पाच वेळा हलवा. किंचित अडून आत जावा असा आकार निवडा. जोर करावा लागत असेल तर छोटा घ्या. त्याची मधली तार वाकली किंवा केस झडले की टाकून द्या.

दोन दात एकमेकांना जिथे भिडतात तिथे फक्त फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा पोचतो, आणि वायरमुळे नेहमीसारखा तो वरून घालता येत नाही. एक टोक कडक असलेला, मधला भाग स्पंजासारखा फुगीर असलेला फ्लॉस मिळतो. कडक टोक वायरच्या खालून ओवायचं, ओढून घ्यायचं, मग दातांच्या मध्ये सरकवून एका दाताला वळसा घालून हिरडीच्या कडेपर्यंत न्यायचं. मग दुसऱ्या दाताला. साधा फ्लॉस ओवायला प्लास्टिकची सुईसारखी फासही मिळते. हे काम वेळखाऊ आहे, आणि शाळकरी मुलाकडून ते रोज दोनदा होईल अशी अपेक्षा धरणं मला अवाजवी वाटतं. म्हणून क्रम ठरवायचाच झाला तर ब्रश पहिला, इंटरडेंटल ब्रश दुसरा आणि फ्लॉस दिवसातून एकदा, रात्री. पाण्याचा झोत मारणारं यंत्र घरात असेल तर जरूर वापरा. अडकलेलं अन्न त्याने छान निघतं आणि हिरड्यांनाही फायदा होतो. पण घट्ट बसलेला प्लाक ब्रशच्या घासण्यानेच निघतो, म्हणून ते ब्रशच्या जोडीला ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची वेळ रात्रीची. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणजे आम्ल सौम्य करणारं आणि खनिजं परत देणारं तेव्हा जवळजवळ कोणी नसतं. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात जाऊ देऊ नका. इथे सहज निसटणारी एक गोष्ट म्हणजे खोकल्याचं गोड औषध. बाळाला किंवा मुलाला ते झोपताना दिलं जातं आणि मग दात घासायचे राहतात. दात घासण्याच्या आधी द्या, किंवा साखर नसलेलं मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

फ्लोराइडचं काम

फ्लोराइड दातात खनिजं परत बसण्याचा वेग वाढवतं. शिवाय फ्लोराइडसह तयार झालेले स्फटिक जास्त चिवट असतात. साधं एनॅमल पीएच ५.५ च्या आसपास विरघळू लागतं, तर फ्लोराइड असलेलं खनिज साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. हा फरक लहान वाटला तरी पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो.

टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं. १,३५० ते १,५०० च्या दरम्यानची घ्या. ‘चमकदार पांढरे दात’ असं आश्वासन देणाऱ्या पेस्ट या काळात बाजूला ठेवलेल्या बऱ्या. ब्रॅकेटखालचा भाग झाकलेला असतो, त्यामुळे बाहेरचा रंग बदलला तरी शेवटी फरक दिसण्याची शक्यता असते.

घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण पाण्याने खळाखळा चूळ भरू नका. अनेक वर्षांची सवय मोडायची म्हणजे पहिले काही दिवस तोंडात विचित्र वाटतं. पण चूळ भरली की दातावर राहायला हवं ते फ्लोराइड बेसिनमध्ये वाहून जातं.

०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश रोज वापरता येतं. ते घासल्याबरोबर न वापरता वेगळ्या वेळी, उदाहरणार्थ शाळेतून किंवा कामावरून आल्यावर वापरा, म्हणजे दिवसात दातांना फ्लोराइड आणखी एकदा मिळेल. सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नये, ती गिळतात. डाग पडू लागले असतील तर डॉक्टर क्लिनिकमध्ये फ्लोराइड वार्निश लावतात किंवा जास्त तीव्रतेची पेस्ट लिहून देतात. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश ही वेगळी गोष्ट आहे. ते हिरड्यांसाठी असतं, थोड्या दिवसांसाठी असतं आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायचं असतं. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्हीच्या मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या.

किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं

ब्रेसेस लागल्यावर मिळणाऱ्या कागदावर काय खाऊ नये याची यादी असते. बर्फ चावू नका, कडक सुकामेवा नको, चिकट टॉफी नको, सफरचंद फोडी करून खा. हे सगळं बरोबर आहे, पण ते मुख्यतः ब्रॅकेट निघू नये म्हणून असतं. ब्रॅकेट निघाला की उपचार लांबतात आणि दात धोक्यात राहण्याचे महिनेही वाढतात.

दातांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं आहे ते खाण्यातलं अंतर. प्रत्येक गोड घासानंतर तोंडाला सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो हे वर आलंच आहे. जेवणाबरोबर एक गोड पदार्थ खाल्ला तर आम्लाचा हल्ला एकदाच होतो. तोच गोड पदार्थ दुपारभर तुकड्या-तुकड्याने खाल्ला तर दात सावरण्याआधी पुढचा हल्ला सुरू होतो. सगळ्यात वाईट म्हणजे गोड पेयाची बाटली जवळ ठेवून दर दहा मिनिटांनी एक घोट घेणं. कोलाचा स्वतःचा पीएच २.५ च्या आसपास असतो, त्यामुळे जिवाणूंची वाटही न पाहता तो थेट एनॅमलवर काम करतो. फळांचे रस आणि खेळाडूंसाठीची पेयंही आम्लयुक्त आणि गोड असतात, ‘पौष्टिक’ म्हणून त्यांना सवलत देऊ नका. घ्यायचंच असेल तर जेवणाबरोबर एकदम घ्या, वर पाणी प्या, आणि लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ब्रशने झिजतो, म्हणून अर्धा-एक तास थांबा.

तारांऐवजी पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारे काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे वापरणाऱ्यांसाठीही एक इशारा. अलाइनर काढून दात घासता येतात, ही त्यांची मोठी सोय आहे. पण अलाइनर घालूनच गोड पेय प्यायलं तर ते प्लास्टिक आणि दात यांच्या मध्ये अडकून राहतं आणि तिथे लाळ पोचत नाही. अलाइनर तोंडात असताना फक्त पाणी.

नीट निघालंय की नाही हे कसं कळणार

प्लाकचा रंग दाताच्या रंगाशी इतका मिळताजुळता असतो की तो डोळ्यांना दिसत नाही. औषधांच्या दुकानात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. दात घासून झाल्यावर एक गोळी चघळायची, तोंडभर फिरवायची, थुंकायची आणि आरशात बघायचं. जिथे प्लाक राहिला तिथे गडद गुलाबी किंवा जांभळा रंग दिसतो. पहिल्यांदा बघताना बहुतेक सगळ्यांच्या ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधली पट्टी रंगलेली निघते. रोज गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे. मुलांच्या बाबतीत तर ‘घासलेस का?’ या प्रश्नापेक्षा या गोळीने किती तरी जास्त काम होतं, कारण तो रंग मूल स्वतः बघतं आणि स्वतःच घासून काढतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला समज असते, पण चिकाटी अजून यायची असते. आई-बाबांनी रात्री मोबाइलच्या उजेडात एकदा दात बघितले तर त्यात त्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडे दर काही आठवड्यांनी जाणं म्हणजे दातांची तपासणी झाली, असंही अनेकांना वाटतं. तिथे लक्ष दातांच्या हालचालीवर असतं. कीड, किटण आणि हिरड्या यांच्यासाठी नेहमीच्या दंतवैद्याकडे वेगळी भेट हवीच, दर सहा महिन्यांनी किंवा ते सांगतील तशी. वायर बदलताना जुनी काढून नवी घालेपर्यंत काही मिनिटं दात मोकळे असतात. त्या वेळात ब्रश करू द्याल का, असं विचारायला हरकत नाही. कितीही सांगून साफसफाई होत नसेल तर काही डॉक्टर उपचार मध्येच थांबवून ब्रेसेस काढून टाकतात. ते रागावून तसं करतात असं नाही. वाकड्या दातांपेक्षा किडलेले सरळ दात जास्त वाईट असतात, म्हणून करतात.

तोंडात फोड आला असेल तर ब्रश टाळू नका. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाची छोटी गोळी बसवा, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा आणि फोडाच्या आसपास अगदी मऊ ब्रश वापरा.

ब्रेसेस निघाल्यावर

सुजलेल्या हिरड्या बहुधा काही आठवड्यांत बऱ्याच बसतात. क्वचित एखाद्या ठिकाणी जास्त वाढलेला भाग डॉक्टरांना छाटावा लागतो. पांढरे डाग राहिले असतील तर लगेच ब्लीचिंगकडे धावू नका. पहिल्या काही महिन्यांत लाळ आणि रोजची फ्लोराइड पेस्ट यांच्यामुळे काही डाग फिके होतात. तीव्र फ्लोराइडही या टप्प्यावर स्वतःच्या मनाने लावू नये. त्याने डागाचा वरचा थर पटकन कडक होतो आणि आतल्या भागापर्यंत खनिजं पोचायची वाट बंद होते. तरीही डाग खुपत राहिले तर त्यांच्यात पातळ रेझिन मुरवण्याची पद्धत उपलब्ध आहे. डाग किती खोल आहे ते बघून दंतवैद्य सांगतील.

मग सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर येतो. काढता-घालता येणारा असेल तर तो थंड किंवा कोमट पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने प्लास्टिक वाकतं आणि मग तो दातांवर नीट बसत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवलेली असेल, तर ती नेमकी किटण लवकर जमणाऱ्या जागी असते. तिच्या खालून फ्लॉस ओवणं पुढेही चालू ठेवावं लागतं, आणि ब्रेसेसच्या काळात ओवायची सवय लागलेली असेल तर ते काम मिनिटभराचं असतं.